एक्केचाळिसावी कुपी

खोक्यात एक्याऐंशी कप्पे होते, नऊ आडवे आणि नऊ उभे. पहिल्या चार ओळी भरलेल्या, म्हणजे छत्तीस कुप्या. पाचव्या ओळीत चार. झाल्या चाळीस, यादीतही चाळीसच होत्या. त्यापुढचे चाळीस कप्पे रिकामे, आणि अगदी शेवटच्या कोपऱ्यात, नवव्या ओळीच्या नवव्या कप्प्यात, आणखी एक कुपी.

मी पुन्हा मोजलं. उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरमधून काढलेलं खोकं फार वेळ बाहेर ठेवता येत नाही. दुहेरी हातमोज्यांतूनही बोटं बधिर व्हायला लागली होती. एक्केचाळीस.

"काका, एक जास्त आहे."

पिपेटकाका पाठमोरे उभे राहून बाटल्यांवर तारखा टाकत होते. तीस वर्षं पिपेट दाबून त्यांचा अंगठा कायमचा जरासा वाकलाय. चहाचा कपसुद्धा ते पिपेट धरल्यासारखा धरतात.

"जास्त कशी असेल? बाईंनी मोजून भरलेलं खोकं आहे ते. कमी निघाली तर सांग, मी बसून रडतो. जास्त निघणार नाही."

बाई म्हणजे माझी आई. या रुग्णालयाच्या हार्मोन तपासणी विभागात तिने सव्वीस वर्षं काढली. ती गेल्यानंतर आठ महिन्यांनी मी इथे नोकरीला लागले. मी तिच्यापेक्षा चार बोटं उंच आहे, तरी इथे सगळे मला छोट्या बाई म्हणतात. तिच्या हातच्या चिठ्ठ्या अजून जागोजागी आहेत. फ्रीझरवर 'दार लावलंस का?' कपाटाच्या आत 'जुनी बाटली आधी संपवा.' कुणी काढत नाही. फ्रीझर बंद करताना मी रोज मनातल्या मनात "लावलं" म्हणते.

नवं मशीन येणार असं ठरलं तेव्हा आईने जुन्या नमुन्यांतून चाळीस निवडून बाजूला ठेवले होते. जुन्या पद्धतीचे आकडे आणि नव्या मशीनचे आकडे जुळतात का, ते पाहण्यासाठी. मशीन यायला दोन वर्षं लागली. तेवढ्या काळात आई राहिली नाही, खोकं राहिलं.

जास्तीच्या कुपीवर नंबर नव्हता. तारीख होती, आणि तारखेखाली पेन्सिलीने काढलेला मासा. एका रेषेत, हात न उचलता काढलेला, शेपटीशी रेषा एकमेकींना छेदतात तसला.

आमच्याकडे एक पद्धत आहे. काही पडताळायचं असेल आणि साध्या, धडधाकट माणसाचं रक्त हवं असेल, तर विभागातलंच कुणीतरी बाही वर करतं. त्या कुपीवर नाव घालत नाहीत, खूण करतात. काकांची छत्री. मी अजून खूण ठरवलेली नाही. मासा आईचा.

काका शेजारी येऊन उभे राहिले.

"यादीत नाही," मग ते म्हणाले. "यादीत नाही ते मशीनवर चढत नाही. फेकून दे."

"काका, मासा आहे."

"दिसतोय मला. चष्मा लावलाय. तो नियम कुणी केला माहितीये ना? या मासेवालीनेच."

मी कुपी होती तिथे ठेवली, खोकं फ्रीझरमध्ये सरकवलं आणि दार लावलं.

तारीख मला पाठ होती. त्या दिवशी आई एक कागद घेऊन घरी आली होती. कॉर्टिसॉल, ४१२. हे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, आजारपणात रक्तदाब सावरून धरणारं; सकाळच्या रक्तात ते साधारण दीडशे ते साडेपाचशेच्या दरम्यान असावं लागतं, म्हणजे ४१२ अगदी सरळ. तो कागद आजही माझ्या पाकिटात आहे. घड्या पडून चार तुकडे व्हायला आलाय.

तिने स्वतःचं रक्त तपासलं ते पावडरीमुळे. मावशीने, म्हणजे आईच्या धाकट्या बहिणीने, गुडघ्यांसाठी कुठूनशी एक पावडर आणली होती. पांढरा डबा, त्यावर ना नाव, ना गाव. रोज सकाळी एक चमचा दोघी बहिणी घ्यायच्या. तीन आठवड्यांत आई धडाधड जिने चढायला लागली. वर्षभरात तिचा चेहरा गोल झाला, शेजारी म्हणायला लागले, तब्येत चांगली मानवलीये. हातांवर मात्र जरा कुठे आपटलं की काळेनिळे डाग पडत. मी तेव्हा पदवीच्या शेवटच्या वर्षाला होते आणि जगातल्या सगळ्या गोष्टी मला समजत होत्या.

"डब्यावर काही लिहिलेलं नाही, म्हणजे ते औषध नाही," मी म्हणायची. "स्टेरॉइड असेल त्यात."

शेवटी तिने ते मनावर घेतलं. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं सोडून देतं. तेव्हा पावडरीत काही असतं तर तिचा आकडा तळाला जायला हवा होता. आला ४१२.

"बघ," कागद माझ्या नाकासमोर धरून ती म्हणाली. "वाईट काही असतं तर इथे दिसलं असतं."

"मग चांगलंही काही नसणार. पीठ खातेयस नुसतं. कशाला घेतेस?"

तीन आठवडे वाद चालला. एका सकाळी मी डबा सिंकमध्ये पालथा केला आणि नळ सोडला. ती हसत दारात उभी होती. "आता सिंक पळायला लागेल बघ," ती म्हणाली.

नवव्या दिवशी ती गेली. साधा ताप, उलट्या, सकाळी दवाखान्यात नेलं, रक्तदाब उतरत गेला तो वर आलाच नाही. कागदोपत्री जंतुसंसर्ग.

मावशी तेव्हा फक्त एक वाक्य बोलली होती. "चालू होती तोवर बरी होती गं ती." त्या वाक्याला उत्तर म्हणून मी पाकिटातला कागद काढून दाखवला. पावडरीत काही नव्हतंच, तर ती बंद करून काय होणार? त्या ४१२ वर मी दोन वर्षं झोपले. मावशीने पावडर सोडली नाही आणि मी तिच्या मागे लागणं सोडलं नाही.

सोमवारी दुपारी, मी सीरम, म्हणजे रक्तावरचं पिवळसर पाणी, वितळत ठेवलं होतं तेव्हा, तिचाच फोन आला.

"काय तज्ज्ञबाई, जेवलात का?"

"कामात आहे गं मावशी."

"असणारच. जग तुमच्यावर चाललंय. ऐक, शुक्रवारपासून बंद केली."

"काय?"

"पावडर गं! ताईला जाऊन दोन वर्षं झाली त्या दिवशी माझ्यासमोर रडलीस ना, म्हटलं जाऊ दे, पोरीचा जीव थंड होऊ दे. डबा कचऱ्यात. आता खूश?"

"खूश," मी म्हणाले, आणि होतेच. "गुडघे?"

"गुडघे शिव्या घालतायत तुला. अंग पण मोडून आलंय जरा. असू दे. ठेवते."

मंगळवारी चाळीस नमुने चढवले. नव्या मशीनचं काम सांगायला सोपं आहे: ते रेणूंचं वजन करतं. जुनी पद्धत आकार ओळखायची. कॉर्टिसॉलला धरून ठेवणारं एक प्रथिन किटमध्ये असायचं, ते जेवढं पकडेल तेवढं कॉर्टिसॉल. मशीन कुणाला पकडत नाही. सीरममधली प्रथिनं बाजूला काढायची, उरलेलं एका बारीक नळीतून सोडायचं, नळीच्या टोकाशी प्रत्येक पदार्थ आपापल्या वेळेला बाहेर येतो आणि तोलला जातो. पडद्यावर त्याचा डोंगर उमटतो.

प्रत्येक नमुन्यात सुरुवातीलाच मोजून जड कॉर्टिसॉल घालतात. तोच रेणू, फक्त काही हायड्रोजनच्या जागी जड हायड्रोजन. खऱ्या कॉर्टिसॉलबरोबर ते सगळीकडे जातं. हे सांडलं तर तेही तेवढंच सांडतं, हे नळीतून निघालं की तेही जवळजवळ त्याच क्षणी निघतं. काका त्याला सावली म्हणतात. सावलीच्या तुलनेत माणूस केवढा, यावरून आकडा काढायचा.

दोन नमुन्यांच्या मध्ये नुसतं द्रावण सोडतो. आधीच्या रक्ताचा अंश नळीत मागे राहिला असेल तर कोऱ्या द्रावणातसुद्धा चिमुकला डोंगर दिसतो. त्याला सगळे भूत म्हणतात.

"भूत आहे का गं?" काका दर वेळी विचारत.

"नाही. स्वच्छ."

एकोणचाळीस नमुन्यांचे आकडे जुन्याशी जुळले. सत्तावीस नंबरचा नाही. जुना ३८०, नवा २२. मी तो परत तयार करून चढवला. परत २२.

काकांनी जुनं रजिस्टर उघडलं. "हा गोळ्यांवरचा पेशंट. प्रेडनिसोलोन. बाईंनी मुद्दाम घेतला असणार."

"म्हणजे?"

"अगं, स्टेरॉइडची गोळी. कॉर्टिसॉलची जुळी बहीण म्हण. जुन्या किटला दोघी जवळजवळ सारख्याच दिसायच्या. गोळीलाच कॉर्टिसॉल समजून मोजायचं ते, साधारण निम्म्या मापाने. किटच्या माहितीपत्रकात होतं की लिहिलेलं, आठव्या पानावर, बारीक अक्षरात."

"आईला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच माहीत होतं. गोळ्या घेतो असं पेशंटने सांगितलं की आम्ही रिपोर्टवर तसं लिहायचो." काका थांबले. त्यांना पावडरीचं माहीत नव्हतं. "का गं? काय झालं?"

कुणी सांगितलं की ते पान उघडायचं. आईला स्वतःच्या रक्ताबद्दल सांगायला कुणी नव्हतं. आणि डब्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

बुधवारी सकाळी नवव्या ओळीच्या नवव्या कप्प्यातून मी कुपी काढली. काका बघत होते. मी त्यांना सगळं सांगितलं होतं. ते नियमाबद्दल बोलले नाहीत. "किती आहे आत?" एवढंच विचारलं.

"तीनशे मायक्रोलिटर."

म्हणजे सहा थेंब. त्यातले दोन मी घेतले. सीरम थोडं पिवळसर, स्वच्छ होतं. फिरवणाऱ्या यंत्रात ठेवताना मी झाकण दोनदा तपासलं. आईचा पांढरा कोट मी वापरते. त्याच्या उजव्या खिशाला तिच्या पेनाचा निळा डाग आहे, धुऊन जात नाही. मशीनची सुई खाली गेली तेव्हा माझा हात त्या डागावर होता.

तीन मिनिटं वीस सेकंद. सावली उमटली, उंच, रेखीव, रोज असते तिथेच. तिच्या जोडीला खऱ्या कॉर्टिसॉलचा डोंगर हवा होता. तिथे जमीन सपाट होती. मी पट्टी ताणून ताणून पाहिली, शंभर पट मोठी केली. तळाशी एक उंचवटा, सुरकुतीएवढा.

सावली होती आणि माणूस नव्हता.

आठ सेकंद आधी मात्र, जिथे कुणीच नसायला हवं, तिथे काहीतरी होतं. वजन दोन हायड्रोजनने कमी. तीनशे बासष्टच्या जागी तीनशे साठ. काकांनी सत्तावीस नंबरची छापील आकृती आणून पडद्याशेजारी धरली. दोन्ही डोंगर एकाच वेळेला आले होते.

"छोट्या बाई," काका हळूच म्हणाले, "मावशींनी कधी बंद केली म्हणालीस?"

मी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला.

तिच्या घरापर्यंत वीस मिनिटं लागतात. मी आकडा काढलाच नाही, कोटही उतरवला नाही. तिच्या घराची किल्ली माझ्याकडे असते. मावशी पलंगावर कुशीवर पडली होती, खाली बादली. ओठ कोरडे, हात गार.

"आज लवकर सुटलात तज्ज्ञबाई," ती म्हणाली. शब्द एकमेकांवर घसरत होते. "काही नाही गं, शिळं खाल्लं असेल. सकाळपासून पाणीसुद्धा टिकत नाही."

उभी करायला गेले तर ती माझ्या खांद्यावर कोसळली. माझ्या नाकाशी तिचे केस होते. आईसारखाच वास, साबण एकच.

अपघात विभागात माझ्याच वयाचा डॉक्टर होता. रक्तदाब ऐंशीवर पन्नास.

"पोटाचा संसर्ग दिसतोय," तो म्हणाला. "सलाइन लावू."

"त्यांना हायड्रोकॉर्टिसोन द्या. इंजेक्शन. आत्ता."

"रिपोर्ट आहे?"

"नाही. त्या चार वर्षं स्टेरॉइड घेत होत्या, न कळता. शुक्रवारी एकदम बंद केलं."

"स्टेरॉइड होतं कशावरून?"

"दोन वर्षांपूर्वीच्या रक्तावरून."

"यांच्या?"

"यांच्या बहिणीच्या."

"त्यांना विचारता येईल का?"

"नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं, कोटाकडे पाहिलं. मग सिस्टरना आधी रक्त काढून ठेवायला सांगितलं आणि रिपोर्टची वाट न बघता इंजेक्शन दिलं. चाळीस मिनिटांनी रक्तदाब शंभरवर आला. तासाभराने मावशी उशी कडक आहे म्हणून कुरकुर करायला लागली. मी बाहेर जिन्यावर जाऊन बसले. पायऱ्या मोजल्या. बावीस.

मावशीचं रक्त रीतसर आमच्याकडेच आलं. यादीत नाव, नंबर, सगळं. गुरुवारी मी ते चढवलं: कॉर्टिसॉल १९. डॉक्टरांनी तिला गोळ्या लिहून दिल्या. त्या महिनोन्‌महिने, थोड्या थोड्या करून कमी करायच्या, एका दिवसात कधीच नाही.

शुक्रवारी मी तिला भेटायला गेले. ती उठून बसली होती, चेहऱ्यावर रंग होता.

"म्हणजे पावडरीत होतं," ती म्हणाली.

"होतं."

"मी आणली."

"आणि मी ओतली."

शेजारच्या पलंगावरच्या बाईंनी कूस बदलली. मावशीने चादरीची कड सरळ केली, मग परत वाकडी केली.

"बंद करताना कुणी सांगितलं असतं, हळूहळू कर..."

"सांगायला कळायला हवं होतं. कागदावर ४१२ होतं."

"तो कागद अजून ठेवलायस?"

मी पाकिटातून काढला. तिने घड्या उलगडल्या नाहीत, नुसता तळहातावर धरला. वजन करत असावी तसा.

"मग खरा आकडा किती?"

"काढला नाही. नुसता डोंगर बघितला आणि पळत तुझ्याकडे आले."

"काढ."

"काढून काय होणार आहे मावशी? दिसलं ते दिसलं."

"तुला दिसलं. मला नाही दिसलं," ती म्हणाली. "दोन वर्षं तू मला या कागदाने गप्प केलंस. आता त्याच्या जागी ठेवायला मला दुसरा दे. काय असेल ते. मी म्हातारी झाले म्हणून मला अर्धवट सांगू नकोस."

आकडा काढायचा म्हणजे नुसतं बटण दाबायचं नव्हतं. प्रेडनिसोलोन मोजायला त्याचं ठाऊक मापाचं द्रावण करावं लागतं, सहा वेगवेगळ्या तीव्रतांचं. आणि नमुना दोनदा, शेजारी शेजारी. एकदाच मोजलेल्या आकड्यावर सही करायची नाही, हा नियमही मासेवालीचाच. दोनदा म्हणजे शंभर आणि शंभर. कुपीत उरलेलं सगळं.

शनिवारी सकाळी काकांनी सहाही द्रावणं स्वतः केली. वाकलेल्या अंगठ्याने, एकही बुडबुडा न येऊ देता.

"संपेल गं ती," कुपी माझ्या हातात देताना ते म्हणाले.

"माहितीये."

"नंतर परत बघावंसं वाटलं तर काही उरणार नाही."

"काका, तुम्ही उचलता का?"

"नको. तूच उचल."

पहिले शंभर उचलले. दुसरे शंभर उचलताना पिपेटचं टोक कुपीच्या तळाला टेकलं, काचेवर मुंगी चालावी तेवढाच आवाज झाला. कुपी उजेडात धरली. आत काही नव्हतं. पेन्सिलीचा मासा बाहेरच्या दंवाने ओला होऊन पुसट झाला होता. मी तो पुसला नाही. सावली घातली, फिरवलं, वरचं द्रावण काढून घेतलं, वाऱ्याखाली सुकवलं, पुन्हा विरघळवलं. आधी कोरं द्रावण सोडलं.

"भूत?" काकांनी विचारलं.

"नाही."

मग पहिला नमुना, कोरं द्रावण, दुसरा नमुना, कोरं द्रावण. मशीनच्या पंख्याचा एकसुरी आवाज चालू होता. मधल्या वेळात मी रिकामं खोकं पुसून कपाटात ठेवलं आणि फ्रीझर पाहून आले. दार लावलेलं होतं.

दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी मशीनने छपाई सुरू केली. मी तोच मजकूर हाताने दुसऱ्या कागदावर, मावशीला वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात उतरवला. नावाच्या जागी मासा काढला, एका रेषेत. तारीख घातली. जुन्या पद्धतीच्या रकान्यात ४१२ लिहिलं. नव्या रकान्यात, दोन मोजण्यांची सरासरी:

कॉर्टिसॉल, ११ नॅनोमोल प्रतिलिटर. प्रेडनिसोलोन, ८०६.